कंप्युटरमधली बाई आणि माझी स्थळं

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. नवीन जालन्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दादाचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. छपाई बाहेर व्हायची, कंप्युटरवर मजकूर जुळवायचं काम माझं. अर्ध्या जिल्ह्याच्या पोरींची लग्नं मी टाइप केली, अन् माझं स्वतःचं काही जमेना. आई म्हणायची, "लोकाच्या पत्रिका करून राह्यलीस, तुझी कधी करायची?"

दादानं कुठून तरी एका गेमची सीडी आणली होती. मोठ्या माणसांचा गेम. त्यात बँकेत नोकरी करणारी एक बाई असायची आणि तिला पटवायचं. ती काहीतरी बोलायची, खाली तीन उत्तरं यायची, त्यातल्या एकावर दाबायचं. उत्तर जमलं की कोपऱ्यातला लाल बदाम थोडा भरायचा. बदाम पुरा भरला की पुढं काय काय दिसायचं म्हणे. तिथवर आलं की दादा उठून दाराला कडी लावायचा. मला काय कळत नव्हतं होय!

पण माझा राग वेगळाच होता. हा बाबा त्या बाईला रोज विचारायचा, 'आज थकलीस का?' तिचा वाढदिवस याला तोंडपाठ. आणि मागं स्वयंपाकघरात वहिनी तापानं फणफणलेली असली तरी इथून ओरडायचा, "चहा आण जल्दी!" एकदा चहाचा कप ठेवता ठेवता वहिनी पडद्याकडं बघून म्हणाली, "हिला बरं विचारता, थकलीस का म्हणून." दादानं मानसुद्धा वळवली नाही. त्या दिवशी मी ठरवलं, बिनलग्नाची राहीन पण वहिनीसारखं जगायचं नाही.

आता बघायला आलेला माणूस आतून कसा आहे, हे ओळखायचं कसं? पोह्यांच्या बशीपुढं तर सगळेच पुरुष गायीसारखे गरीब असतात.

आमच्याकडं बघायचा कार्यक्रम आटोपत आला की मोठी माणसं म्हणतात, "पोरा-पोरीला पाच मिनिटं बोलू द्या." घरात दुसरी मोकळी खोली नव्हती, म्हणून आम्हाला दुकानात बसवायचे. पहिलं स्थळ आलं, तेव्हा दादा गेम बंद करायचा विसरला होता. मुलगा बियाणं कंपनीत साहेब. पडद्यावरची बाई इंग्रजीत विचारत होती, 'किती वेळ वाट बघायला लावलीस!' तीन उत्तरं मीच मराठीत करून सांगितली: माफी मागा, फुलं द्या, गाडी बंद पडली म्हणून सांगा. साहेबानं पटकन फुलांवर दाबलं. "बायकांचं काय, हातात काही ठेवलं की खूश."

बदाम थोडा भरला अन् माझं डोकं भणाणलं. आत जाऊन सांगितलं, मुलगा नको. आई कपाळाला हात लावून बसली.

पण मला युक्ती सापडली होती. पोराकडच्यांनी पोरीला चालायला लावायचं, वाचायला लावायचं, मंग आपण पोराला गेम खेळायला का लावू नये? दादा त्या बाईशी गोड वागायचा ते बदामाच्या हावेनं. पण जो पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसतो, त्याच्या पोटातलं बाहेर येतं, असा माझा हिशेब.

दुसरं स्थळ मास्तर. पाच मिनिटं पडद्याकडं टक लावून बसला आणि म्हणाला, "यातलं बरोबर उत्तर कुठं दिलेलं असतं का?" असल्या माणसाशी भांडण तरी कसं करायचं? त्यालाही नकार.

तिसरं स्थळ जाफराबादचं. घरची शेती, आई आणि भावाबरोबर जीपमध्ये कोंबून आलेला, केसांत धूळ. मी माऊस पुढं सरकवला. त्यानं हात मागं घेतला, मांडीखाली दाबला आणि म्हणाला, "तुमीच दाबा. तिच्या मनातलं मला काय ठावं?"

अगं बाई! मी तिथंच विरघळले. बाईच्या मनातलं आपल्याला ठाऊक नाही, असं म्हणणारा पुरुष मी तोवर पाहिलाच नव्हता. आई म्हणाली, "साहेब सोडून जाफराबाद? डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं, बिलकुल आहे. वहिनीला तेवढं खरं कारण सांगितलं. ती हसली नाही. "माझ्या टायमाला ही मशीन असायला पायजे होती," एवढंच म्हणाली.

लग्न झालं. कापूस लावायचा का सोयाबीन? हे म्हणायचे, "तुला काय वाटतं?" मी हरखून गेले. पोराचं नाव? "तूच ठेव." भाजी कोणती, रंग कोणता, पाहुण्याकडं जायचं का न्हाई, सगळं तूच बघ. पुढं लक्षात आलं, हा मान एकट्या माझा नव्हता. न्हावी विचारायचा, मिशी बारीक करू का, तर त्यालाही हेच: "तुला काय वाटतं?" गेमनं खरं ते दाखवलं होतं, अर्थ मी भलताच लावला होता!

एक दिवस पोराला शाळेला जालन्यात ठेवायचं का इथंच, यावर हे पुन्हा "तूच बघ" म्हणाले आणि माझा तोल गेला. "सगळं मीच बघू? त्या दिवशी दुकानात मला वाटलं, हा माणूस बायकोच्या मनाची कदर करणारा!"

"कदर-बिदर काही न्हाई गं," हे शांतपणे म्हणाले. "म्हन्लं, आपल्या हातानं मशीन बिघडली तर लोकाच्या घरी काय इज्जत राह्यची?"

तव्यावरची भाकरी करपली तरी मी उलटली नाही. म्हणजे माझा सगळा संसार एका माऊसच्या भीतीवर उभा! खरंच रडू आलं. म्हटलं, "मंग माझ्याशी लग्न करायचं तरी कुणी ठरवलं? आईनं का भावानं?"

"ते मी ठरवलं. जीपमधी माय म्हणे, पोरगी लई बोलती. भाऊ म्हणे, आजून दोन ठिकानी बघू. म्हन्लं, न्हाई. हीच करायची. तवा कुनालाच इचारलं न्हाई मी."

मी करपलेली भाकरी तव्यावरून काढली. हे आणखी काही सांगायला तोंड उघडतायत असं दिसल्यावर मात्र मी हात वर केला. "बास. आता एक अक्षर बोलू नका, केलेलं मातीत घालाल."