गोळी चालू आहे

चिवड्यावर कांदा-लिंबू पडलं की मला नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीची गच्ची आठवते. शेजाऱ्याच्या बढतीची पार्टी होती. माझी दारू सोडवणारी गोळी डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच बंद केली होती. आता पिणं न पिणं तुमच्या हातात, म्हणाले होते. शेजाऱ्याने ग्लास पुढे केला, पण माझं लक्ष चिवड्यातच होतं. नुसतं 'नको' म्हणायची लाज वाटली, म्हणून म्हणालो, "गोळी चालू आहे, भाऊ. त्यावर दारू पडली तर इथेच आडवा होईन." त्याने घाबरून माझ्यासमोरचा सोडाही उचलला. भजी घेऊन वर आलेल्या बायकोने सगळं ऐकलं. घरी म्हणाली, "इतकी वर्षं पिण्यासाठी खोटं बोललात, आता न पिण्यासाठीही?" शेजारी अजून गोळीची चौकशी करतो. मी चालूच आहे म्हणतो.