किरकिरमावशीचं घर विकायला निघतं

शिंपीण कुंपणावरून ओरडली तेव्हा किरकिरमावशी टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत होती आणि शिव्याही घालत होती.

"काय हे अवतार तुमचे! यापेक्षा काटक्या खुपसल्या असत्या जमिनीत तर बरं झालं असतं," ती रोपांना सांगत होती. रोपं बिचारी टोमॅटोंच्या भाराने पार वाकली होती.

"अहो मावशी," शिंपीण म्हणाली, "घर विकताय आणि शेजाऱ्यांना पत्ता नाही होय?"

"कुणाचं घर?"

"आता माझं का असणार? तुमचंच! फाटकावर ही एवढी पाटी लागलीय. मी म्हटलं, बोलत होत्या, बोलत होत्या, शेवटी मावशींनी करून दाखवलं बाई."

मावशीच्या हातातली नळी तशीच वाहत राहिली. बागेला वळसा घालून ती फाटकाशी आली. कोऱ्या फळीवर लाल रंगात लिहिलं होतं : 'विकणे आहे. पूर्ण आधुनिक केलेला बंगला. मोठ्या बागेसह.' अक्षर ठोकळ्यासारखं, एका मापाचं. ते अक्षर तिने झोपेतही ओळखलं असतं. तिच्या नवऱ्याने, म्हणजे फिटरने, उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या टाक्यांवर आणि नळांवर याच अक्षरात नंबर रंगवण्यात काढला होता.

तिने फाटक धरलं. फाटकही नवंच होतं, मागच्याच वर्षी बसवलेलं. तिने त्याला पहिल्या दिवशी 'तुरुंगाचं दार' म्हटलं होतं.

मावशीच्या तोंडून कुणी कधी कसली स्तुती ऐकली नव्हती, म्हणून तर हे नाव पडलं. साडी आणली की रंग उडणार. पाहुणे आले की चपला वाटेत काढतात. लेक परीक्षेत पहिली आली तेव्हा म्हणाली, "बाकीची पोरं आजारी असतील." गावातल्या बायका तिच्या घरून निघाल्या की फाटकाबाहेर हसून घ्यायच्या. तिला मनापासून ओळखणारं मात्र कुणी नव्हतं.

मावशी लहान असताना तिच्या घरात असं नव्हतं. पाळण्यात एक भाऊ होता, गुटगुटीत, लोण्याच्या गोळ्यासारखा. तिची आई घरी येईल त्याला बाळ उचलून दाखवायची : बघा कसा बाळसेदार आहे, बघा कसा हसतो. एका आठवड्यात तापाने तो गेला. त्यानंतर आईने घराला नियमच घालून दिला. जे जिवापाड आवडतं त्याला वाईट म्हणायचं. मोठ्याने म्हणायचं, चारचौघांत म्हणायचं. मावशीला तिची आई 'भोपळा' म्हणायची, आणि भोपळा म्हणताना डोक्यावरून हात फिरवायची. तो हात मावशी विसरली नाही, तो नियमही नाही.

लग्न होऊन या बंगल्यात आली तेव्हा बंगला म्हणजे नुसत्या चार खोल्या आणि मागे ही एवढी मोठी जमीन. ती मागच्या दारात उभी राहिली. समोर झाडंच झाडं, त्यातून ऊन गळत होतं. तिच्या छातीत काहीतरी इतकं भरून आलं की तिने घाबरून जीभ चावली आणि नव्या नवऱ्याला म्हणाली, "बाई गं, केवढं हे रान! झाडायचं कुणी?"

फिटरने दुसऱ्या दिवशी मोठा झाडू आणून दिला.

तो माणूसच तसा, सुतासारखा सरळ. नोकरीत लोकांच्या तक्रारी यायच्या : पाणी गढूळ येतंय, नळ गळतोय. तक्रार आली की पाना उचलायचा आणि निघायचं. तक्रार करणाऱ्याच्या मनात दुसरंच काही असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. गळत नसेल तर माणूस गळतंय म्हणून सांगायला येईलच कशाला?

निवृत्त झाल्यावर त्याने घरची तक्रार हातात घेतली. मावशी म्हणाली ओटा बुटका आहे, त्याने नवा ओटा घातला, वर चिमणी बसवली. मावशी म्हणाली, "आता विमानतळावर बसून पोळ्या लाटते." न्हाणीघर अंधारं म्हणाली, त्याने पांढऱ्या फरशा लावल्या, गरम पाण्याची तोटी आणली. "घसरून मरायची सोय झाली," मावशी म्हणाली. सरकत्या खिडक्या, गच्चीवर सौर पॅनेल, दिव्यांची नवी बटणं. प्रत्येक कामानंतर तो पाना पुसत तिच्या तोंडाकडे बघायचा, आणि मावशी त्या कामात एक तरी खोट काढायचीच. काम जितकं देखणं, तितकी खोट मोठी.

आज सकाळी चहा पिताना तर ती म्हणालीच होती, "विकून टाका एकदाचं हे घर." खिडकीतून बाग इतकी सुंदर दिसत होती की तिला भीती वाटली होती.

फाटकासमोर गाडी थांबली. आधी दलाल उतरला, मग शहरातलं एक तरुण जोडपं, आणि सर्वांत शेवटी फिटर, इस्त्रीचा शर्ट घालून.

"ही आमची मंडळी," फिटर म्हणाला. त्याचा चेहरा सणाला नवे कपडे मिळालेल्या पोरासारखा फुलला होता.

"अहो, हे काय..." मावशीने सुरुवात केली, पण दलालाने तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"या ना, आत या! मावशी, जरा वाट द्या. स्वयंपाकघर आधी बघा, म्हणजे बाकी बघायची गरजच नाही."

मावशी मागोमाग गेली. परकी माणसं तिच्या कपाटांची दारं उघडून बघत होती.

"अगं बाई, किती सुंदर ओटा आहे!" तरुणी म्हणाली.

मावशीच्या काळजात धस्स झालं. "सुंदर कसला? भट्टी आहे भट्टी. उन्हाळ्यात माणूस भाजून निघतं."

दलाल खोटं खोटं हसला. न्हाणीघरात तरुणाने फरशीवर हात फिरवला. "काम मस्त झालंय हं काका."

"मस्त? दोनदा पडलेय मी इथे!" ती एकदाही पडली नव्हती.

बागेत आल्यावर तरुणी नुसती उभीच राहिली. "असं काही मी पाहिलंच नव्हतं," ती हळूच म्हणाली. मावशीला वाटलं, हिच्या तोंडावर हात ठेवावा.

"डास!" ती ओरडली. "साप! पाचोळा तर इतका की कंबरेचा काटा ढिला होतो!"

दलालाच्या कपाळावर घाम आला. तरुणीने मात्र वळून विचारलं, "मावशी, तुम्हाला हे घर आवडत नाही का हो?"

उत्तर फिटरने दिलं, आणि छाती फुगवून दिलं. "तेच तर! लग्नापासून एकच तक्रार. ओटा बदलला, खिडक्या बदलल्या, जे जे म्हणाली ते ते केलं. तक्रार काही मिटेना. म्हटलं, आता घरच बदलू. लेकीच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट बघितलाय, सातव्या मजल्यावर. धूळ नाही, पाचोळा नाही, डास नाही." मग मावशीकडे वळून म्हणाला, "तुला आधी सांगितलं नाही. म्हटलं, एकदम चकित करावं."

झाली होती ती चकित. झाडाखालच्या दगडी बाकावर ती धप्पकन बसली. हा माणूस भांडून नव्हे, वैतागून नव्हे, तिला खूश करायला तिचं घर विकत होता. आणि हे तिने स्वतः, स्वतःच्या तोंडाने, रोज थोडं थोडं करून घडवून आणलं होतं.

"पाणी आणू का?" तरुणीने विचारलं.

मावशीने नको म्हणून मान हलवली. मग कुणी ऐकत तर नाही ना, असं आजूबाजूला बघितलं. चोरी कबूल करावी तशा आवाजात ती म्हणाली,

"मला आवडतं."

"काय?" फिटर म्हणाला.

"घर. मला हे घर आवडतं."

"मग सकाळी..."

"म्हणायचं असतं तसं! आवडतं म्हणूनच म्हणायचं असतं. चांगलं म्हटलं की जातं हो ते. माझा भाऊ गेला." तिचा आवाज फाटला. "पाळण्यातला."

फिटरला तिला एक भाऊ होता हेच माहीत नव्हतं. सगळे ओटे, सगळ्या खिडक्या, सगळ्या तोट्या एकामागून एक त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेल्या असाव्यात, कारण तो हळूहळू पांढरा पडत गेला.

"साहेब," दलाल घाईने म्हणाला, "बायका शेवटच्या क्षणी रडतातच. शब्द दिलाय तुम्ही. ही माणसं सुट्टी काढून आलीत."

फिटरने कधी शब्द मोडला नव्हता. "घर विकायचं नाही," तो म्हणाला.

"अहो, हा काय पोरखेळ लावलाय? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही तुम्हाला. उद्यापासून फिटर म्हणजे शब्दाचा कच्चा, मी सांगत फिरेन!"

"सांगा," फिटर खाली मान घालून म्हणाला. "कच्चाच निघालो. इतकी वर्षं ऐकत होतो, कळलं काहीच नाही."

दलाल पाय आपटत गेला. तरुणी जाताना मावशीच्या खांद्याला हात लावून गेली, काही बोलली नाही, आणि मावशीला तिचं फार बरं वाटलं.

गाडीचा आवाज विरला. मग फिटरने तिला कोपराला धरून आत नेलं आणि ओट्यासमोर उभं केलं.

"हा कसा झालाय?"

"सोडा हो."

"नाही. सांग. मी हाताने घातलाय तो."

मावशीने छताकडे बघितलं. "चांगला झालाय," ती पुटपुटली, आणि डोळे गच्च मिटले. छत पडलं नाही.

"आणि न्हाणीघर?"

"फरशा... छान आहेत."

"खिडक्या?"

"उजेड येतो. खूप उजेड येतो."

तो तिला खोलीखोलीतून फिरवत होता, भुकेल्या माणसासारखा, आणि ती एकेक शब्द काढत होती. मागच्या दारात आल्यावर तो थांबला. बाग विचारायची गरज नव्हती. ती रडत होतीच. त्याने घसा खाकरला.

"आणि..." तो म्हणाला. त्याचा हात स्वतःच्या छातीशी गेला. त्याने शर्टाची कॉलर उगाचच नीट केली.

मावशीने त्याच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा भीतीने पांढराफटक झाला. तिने त्याची बाही घट्ट मुठीत धरली.

"ते नका विचारू," ती म्हणाली. "हातापाया पडते तुमच्या. ते मी नाही म्हणायची."