मारलंस, की मारून टाकलंस?

वसंतराव गेल्याची वार्ता ओमानमधल्या सहम गावाहून त्यांच्या पत्नी सुमतीवहिनींनी फोनवर दिली, तेव्हा मी नुकताच प्रातःसंध्येवरून उठलो होतो. "झोपेतच गेले," एवढेच त्या म्हणाल्या… काही आठवडे लोटले, तरी तिथून जवळच्या सोहारला माझ्या मुलाच्या दारात दर शुक्रवारी येणारी वसंतरावांची हाक कानांत आहे: "शास्त्रीबुवा, चहा टाकायला सांगा. देव कुठे पळून जात नाहीत."

सोहार औद्योगिक वसाहतीत ते अभियंता होते. तरुणपणी, मुंबईत ज्यूरीची पद्धत बंद होण्याच्या थोडे आधी, एका खुनाच्या खटल्यात नऊ पंचांपैकी एक म्हणून त्यांना बोलावणे आले. आरोपी धावत येऊन "मी त्याला मारलं" असे म्हणाला, अशी शेजाऱ्याने साक्ष दिली. काम इंग्रजीत चाले. दुभाष्याने 'ठार केले' अशा अर्थाचा अनुवाद केला. आपल्या भाषेत 'मारलं' हा शब्द चापटीलाही चालतो आणि हत्येलाही. पंचांत मराठी हे एकटेच. न्यायमूर्तींकरवी साक्षीदाराला प्रश्न विचारण्याची पंचांना मुभा होती. परंतु एवढ्या मोठ्या माणसांत आपण कशाला बोलावे, म्हणून ते गप्प राहिले. पंचांनी एकमताने दोषी म्हटले. त्या माणसाला फाशी झाली.

"तुमच्या संस्कृतात तरी दोन शब्द आहेत का हो?" त्यांनी मला एकदा विचारले. ताडन आणि हनन, मी म्हणालो. त्या शुक्रवारी चहा तसाच निवला.

पुढे, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, वसाहतीतल्या मारामारीत एक कामगार दगावला. पकडलेला सोलापूरकडचा, त्याला मराठीखेरीज काही येईना, म्हणून पोलिसांनी वसंतरावांना बोलावले. ते हिंदीत सांगत आणि एक मल्याळी कारकून ते अरबीत. "साहेब, मी त्याला मारलं," कामगार म्हणाला. कारकुनाला तेवढे कळले. "खलास किया," असे पुटपुटत तो अधिकाऱ्याकडे वळला, तोच वसंतरावांनी त्याचा दंड धरला.

"मारलंस, की मारून टाकलंस? नीट सांग, बाबा."

तो म्हणाला, "मारूनच टाकलं, साहेब. पडल्यावरबी थांबलो न्हाई."

तेथून ते थेट माझ्याकडे आले. "या खेपेस विचारलं, शास्त्रीबुवा. उत्तरही मिळालं… पण त्या मुंबईतल्याने काय सांगितलं असतं, ते यावरून कुठे कळतं?"

ईश्वर जाणे, असे म्हणणे सोपे होते.

त्यानंतर दर सर्वपित्री अमावास्येला ते आपल्या पितरांच्या जोडीला त्या फाशी गेलेल्याचेही पान वाढीत. नाव त्यांना पाठ होते, ते मनातच घेत. गोत्र अज्ञात, म्हणून मी काश्यप सांगितले होते. यंदा वहिनींनी संकोचाने विचारले, "भावजी, यांचं नि पितरांचं पान तर पहिल्या वर्षी वाढायचं नसतं. मग त्या फाशी गेलेल्यांचं?"

वाढायचे, मी म्हणालो. त्या ओळीत ते एकच पान होते. तीळ हातात घेतले, गोत्र उच्चारले, आणि नावासाठी वहिनींकडे पाहिले. नाव त्यांना ठाऊक नव्हते… मलाही त्यांनी ते कधी सांगितले नव्हते.