कुलूपकाकांचे ट्रस्टी

कुलूपकाकांनी चाळीस वर्षांत गल्लीतल्या बहुतेक दारांना कुलपं बसवली आणि त्याच चाळीस वर्षांत गल्लीतल्या बहुतेक माणसांवर संशय घेतला. दोन्ही कामं त्यांनी मन लावून केली. स्वतःच्या घराला पुढून तीन, मागून दोन आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणाला एक अशी सहा कुलपं होती. टाकीतलं पाणी कोण चोरणार, असं एकदा कुणी विचारलं. तेव्हापासून काकांच्या यादीत त्या माणसाचंही नाव गेलं.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक, जावई आणि शाळकरी नात वरच्या मजल्यावर राहत. लेक बावीस वर्षं खालच्या दुकानात काउंटरमागे बसून चाव्या घासत होती. जावई मात्र दर दोन वर्षांनी नवा धंदा काढी. आधी शोभेचे मासे झाले, मग मेणबत्त्या झाल्या, आणि आता जुन्या ट्रेडमिल भाड्यानं देणं चाललं होतं. मासे मेले, मेणबत्त्या उन्हात वाकल्या आणि ट्रेडमिल जिन्यात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या गुडघ्याला लागत होत्या. तसा माणूस वाईट नव्हता. पण असं काकांना सांगायला जावं, तर ते गुडघा दाखवत.

अशात डॉक्टरांनी काकांच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख दिली, एक महिन्यानंतरची. काका घाबरले, पण ऑपरेशनला नाही. आपण टेबलावरून उठलो नाही, तर घर आणि दुकान लेकीच्या नावावर होणार, जावई गोड बोलून तिची सही घेणार आणि सहा कुलपांचं घर कुठल्यातरी नव्या खुळापायी गहाण पडणार, या विचारानं त्यांना घास गिळेना. म्हणून ते वकीलबाईंकडे गेले.

"मृत्युपत्रातच ट्रस्ट करून ठेवा," वकीलबाई म्हणाल्या. "घर आणि दुकान थेट लेकीच्या नावावर जाणार नाही, ट्रस्टच्या ताब्यात राहील. ती राहील, दुकान चालवेल, येईल त्यात नातीचं शिक्षण होईल. पण नात पंचवीस वर्षांची होईपर्यंत विकता येणार नाही आणि गहाणही टाकता येणार नाही."

काकांचा चेहरा खुलला. "म्हणजे कुलूपच की."

"तसं म्हणा. पण चावी कुणाकडे द्यायची, ते तुम्ही सांगायचं. ट्रस्टी दोन लागतील. तुमचा ज्यांच्यावर विश्वास आहे, असे कुणीही दोघं."

इथं घोडं अडलं. वकीलबाई पेन उघडून बसल्या. काकांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग दाराच्या कुलपाकडे पाहून ते हलक्या प्रतीचं असल्याचं सांगितलं. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांना दोन नावं सुचेनात. शेवटी पंधरा दिवसांची मुदत मागून ते घरी आले.

दुसरा एखादा माणूस चार लोकांशी बोलला असता. काकांनी पत्र्याच्या तीन छोट्या पेट्या केल्या. प्रत्येकीला कुलूप लावलं आणि झाकणाच्या फटीवर स्वतःच्या डोक्यातला एकेक पांढरा केस डिंकानं आडवा चिकटवला. पेटी उघडली की केस तुटणार. ही युक्ती त्यांनी उमेदीच्या काळात बायकोच्या कपाटावरही वापरली होती, आणि तो संसार कसा झाला असेल, ते आपण न विचारलेलं बरं.

पहिली पेटी त्यांनी रोज सकाळी सोबत फिरायला येणाऱ्या हेडमास्तरांना दिली. निवृत्त झाल्यापासून प्रामाणिकपणावर एक भाषण त्यांच्या तोंडात तयार असे. दुसरी पेटी धाकट्या भावाला दिली. "ऑपरेशन होईपर्यंत सांभाळा. चावी सोबत असू द्या, पण उघडू नका," एवढंच दोघांना सांगितलं. तिसरी पेटी तसंच सांगून जावयाला. त्याला ट्रस्टी करायचं काकांच्या स्वप्नातही नव्हतं. त्याला फक्त पुराव्यानिशी पकडायचं होतं.

आठव्याच दिवशी काही बहाणा करून त्यांनी पेट्या परत मागवल्या. हेडमास्तरांनी त्यांची पेटी दोन्ही हातांनी, समारंभात बक्षीस द्यावं तशी दिली. "बोटसुद्धा लावलं नाही," ते म्हणाले. काकांनी दुकानात येऊन भिंग लावलं. फटीवर केस होता, पण काळाकुळकुळीत होता. हेडमास्तर दर रविवारी कलप लावत.

भावाची पंचाईत वेगळी होती. त्याचं टक्कल पडून वीस वर्षं झाली होती. त्यानं शिवणाचा पांढरा दोरा चिकटवला होता. शिवाय नेताना मुकी असलेली पेटी आता खुळखुळत होती. रिकामी पेटी पाहून चोरीचा आळ आपल्यावर येणार, या धास्तीनं त्यानं आत चार खिळे टाकले होते. "दादा, जशी दिलीत तशीच आहे," तो म्हणाला, आणि काकांच्या नजरेला नजर न देता चपला घालून गेला.

राहिली जावयाची. काकांनी ती सावकाश, चवीनं हातात घेतली. फटीवर केस होता. पांढरा, त्यांचाच, अगदी आडवा. त्यांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. डिंकही दुकानातलाच. एवढी वाईट बातमी त्यांना डॉक्टरांनीही दिली नव्हती. ज्याच्यापासून घर वाचवायचं, तोच एकटा सज्जन निघाला तर मृत्युपत्र करायचं कुणाच्या विरुद्ध?

लेक समोरच चावी घासत होती. तिनं मशीन बंद केलं.

"बाबा, ती यांनी उघडली नाही. माळ्यावर ठेवून विसरून गेले. मी उघडली."

काकांनी पेटी तिच्यापुढे धरली. "आणि हा केस?"

"तुमच्या कंगव्यातला. पेटीवर तो दिसला तेव्हाच ओळखलं मी. आई सांगायची ना कपाटाचं."

"उघडायची काय गरज होती?"

"बावीस वर्षं मी इथं बसतेय. यांना पेटी दिलीत, धाकट्या काकांना दिलीत, त्या हेडमास्तरांना दिलीत. मला वाटलं, आत आईचं काहीतरी असेल. आईचं असतं तर मला हवं होतं. आत काहीच नव्हतं."

मग तिनं विचारलं, "बाबा, वकीलबाईंकडे जाऊन आलात ते गल्लीला ठाऊक आहे. घराला हे जे कुलूप लावताय, ते माझ्यासाठी की माझ्यापासून?"

काकांना खूप लाज वाटली, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे त्यांनी भिंगच पुन्हा पुसायला घेतलं. तिन्ही पेट्या उघडल्या गेल्या होत्या. तोंडावर सांगायला मात्र ही एकटीच आली होती.

दुसऱ्या दिवशी ते वकीलबाईंकडे गेले. "पहिली ट्रस्टी लेक. चालेल ना?"

"चालेल. विक्रीला बंदी ती बंदीच, ती तिलाही मोडता येणार नाही. दुसरा कोण?"

"तुम्हीच व्हा."

वकीलबाईंच्या कानावर पेट्यांची हकिकत गेली होती. "मला काही सांभाळायला देणार नसाल तर होते," त्या म्हणाल्या, आणि साक्षीदारांना आत बोलावलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी काकांनी मृत्युपत्र लोखंडी कपाटात ठेवलं. हे कुलूप त्यांनी स्वतः बनवलेलं होतं आणि त्याची एकच चावी जगात होती. ती त्यांच्या गळ्यात असे, अंघोळीलाही. त्यांनी ती काढली, दोनदा परत घालावीशी वाटली, तरी काउंटरवर लेकीपुढे ठेवली.

"ही तुझ्याकडे ठेव."

लेकीनं ती उचलली नाही. ड्रॉवरमधून स्वतःचा जुडगा काढला आणि त्यातली एक चावी वेगळी करून शेजारी ठेवली. तशीच, तितक्याच दात्यांची.

"आई गेली त्या वर्षी तुम्ही तापानं फणफणला होतात, तेव्हा केली. काही झालं असतं तर कुणालातरी कपाट उघडता यायला हवं होतं."

नऊ वर्षं. नऊ वर्षांत कपाटातला एक कागदही हललेला नव्हता, हे काकांइतकं नक्की कुणाला ठाऊक असणार? रोज रात्री ते स्वतःच मोजून बघत होते.

त्यांनी सवयीनं भिंग घेतलं आणि दोन्ही चाव्या उजेडात धरल्या. तिची जास्त साफ घासलेली होती.