मी न बोललेलं वाक्य

मी उरला इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये लॅबला आहे. स्टीलचा तुकडा मशीनखाली ठेवायचा आणि जे येईल ते रिपोर्टमध्ये लिहायचं, हे माझं रोजचं काम. भूत, करणी, नजर… यातलं मी कधीच काही मानलं नाही. कॉलनीत कुणी असलं सांगायला लागलं की हसायचो. आज मीच लिहायला बसलोय, आणि हसण्यासारखं काही उरलेलं नाही.

घर जवळच बीरगांवला, हिंदी मुलखात. पुढे हॉल, आत दोन खोल्या, शेवटी स्वयंपाकघर, आणि त्याच्या खिडकीबाहेर फरशी घातलेलं छोटं अंगण. घरात तेव्हा मी, बायको मनीषा, नववीतून दहावीत जाणारी मुलगी रुचा आणि माझी मोठी बहीण सुधाताई.

ताईबद्दल सांगायलाच हवं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, ताई एकोणीसची. वडील रेल्वेत, अर्धे दिवस ड्युटीवर बाहेर. "संजूची दहावी होऊ द्या, मग पाहू," म्हणत ताईनं स्थळं परत पाठवली. माझी दहावी झाली, नोकरी लागली, लग्न झालं… तिचं राहूनच गेलं. आता रुचा आणि ती एकाच खोलीत राहायच्या. ताई तिथंच मशीनवर कॉलनीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावायची. मशीनचा आवाज झाला की रुचा पुस्तक उचलून हॉलमध्ये यायची. तक्रार करायची नाही, पण मला दिसायचं.

मनीषा आणि मी सदर बाजारला रुचाचं कानातलं दुरुस्तीला टाकायला गेलो होतो, तेव्हा हा विषय निघाला. गोंदियाला माझा चुलतभाऊ आहे, घर मोठं आहे. ताई तिथं राहिली तर… मनीषा म्हणाली, "तुम्हीच बोला त्यांच्याशी. मी बोलले तर वाईट दिसेल." मी "हव" म्हटलं. पुढे कितीतरी दिवस बाइकवर येता-जाता मी मनात एकच वाक्य घोकत होतो — 'ताई, तू आता गोंदियाले जाऊन रहा, रुचाचं दहावीचं वर्ष आहे, तिले खोली लागते.' तोंडातून ते कधी निघालं नाही. मनीषालाही मी ते ऐकवलं नव्हतं.

याच दिवसांत एका रविवारी दुपारी रुचानं टीव्हीवर हिंदीत डब केलेला एक हॉरर पिक्चर लावला. एका कुटुंबाच्या मागे सैतान लागतो. तो दिसत नाही, घरातल्यांच्याच आवाजात बोलतो. मी अर्धा वेळ हसत होतो. ताई मधेच उठून चहा ठेवायला गेली.

चार-पाच दिवसांनी मनीषा गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. खालून रुचाची हाक आली, "मम्मी, सुनो ना." ती खाली आली तर घरात ताई एकटी, झोपलेली. रुचा शाळेत होती. दोन दिवसांनी रुचा खोलीतून बाहेर येऊन मला म्हणाली, "पापा, आपने बुलाया क्या?" मी हाक मारली नव्हती. दोघींना मी म्हटलं, पिक्चर डोक्यात बसलाय तुमच्या.

मग तो शनिवार. मार्च संपत आला होता. फर्स्ट शिफ्ट करून मी आलो, जेवलो, आणि अंगणात कूलरच्या जाळ्या धुवायला बसलो. मनीषा तिच्या बहिणीकडे आणि रुचा ट्यूशनला गेली होती. घरात फक्त ताई. ती स्वयंपाकघरात ओट्याजवळ उभी राहून मटार सोलत होती, खिडकीतून मला दिसत होती.

आणि आतून आवाज आला. "ताई, तू आता गोंदियाले जाऊन रहा. रुचाचं दहावीचं वर्ष आहे, तिले खोली लागते."

माझा आवाज. शब्द न् शब्द माझा. अगदी 'रुचाचं' म्हणायच्या आधी मी मनात थोडा अडखळायचो, तेसुद्धा. तो हॉलच्या बाजूनं, ताईच्या पाठीमागून आला.

माझ्या हातातून पाइप सुटला. ताईनं मागे वळून पाहिलं, थोडा वेळ पाहतच राहिली. मग खिडकीकडे वळून माझ्याकडे पाहिलं. मला ओरडून सांगता आलं असतं, ताई, हे मी बोललो नाही. मी तोंडही उघडलं. पण त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहिताना लाज वाटते… मनात आलं, बरं झालं, सांगून झालं.

मी खाली वाकून पाइप उचलला आणि जाळी धूत राहिलो.

बऱ्याच वेळानं ताई दारात आली. "उद्याच्या गाडीनं जातो मी," म्हणाली. मी मान हलवली, एवढंच. दुसऱ्या दिवशी मीच तिला स्टेशनवर सोडलं. रुचानं विचारलं, "आत्या क्यों गयी?" मी सांगितलं, तिलाच जायचं होतं.

त्यानंतर घरात एकही आवाज आला नाही. महिनाभरानं मनीषा हळूच म्हणाली, "ताईंसोबतच गेलं वाटतं ते, जे काय होतं." मी तेही ऐकून घेतलं.

दिवाळीच्या आधी गोंदियाला गेलो. ताई मागच्या पडवीत मशीनवर बसली होती. थोडी वाळलेली वाटली. चहा झाल्यावर मी धीर करून म्हटलं, "ताई, त्या दिवशी… ते मी नाही बोललो."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "तू तं अंगणात होता. तुहं तोंड दिसत होतं मले खिडकीतून. बंद होतं."

"मग गेली काहून?"

तिनं सुईत दोरा ओवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. "मी पाहून राहिली होती तुह्याकडे. म्हटलं, आता हा म्हणेल, नको जाऊ. तू जाळी धूत राहिला."

मी म्हटलं, चल ना घरी. ती म्हणाली, "इथं बरं आहे आता. रुचाले अभ्यास करू दे."

तो आवाज कुणाचा होता हे मला आजही सांगता येत नाही. मनातलं वाक्य हवेत कसं गेलं, दोघांनाही एकच कसं ऐकू आलं, कशाचाच पत्ता लागत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त दोष ताईवर टाकू नका, तेवढं माझ्या घरात झालंय. मनीषाला आणि रुचाला मी अजून खरं सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की आधी त्या दोघींना वाचायला देणार आहे.