तीन बोटं कमी

१४ मे. रुपये १,२४०. आमच्या मोजणीबाईंनी त्या दिवशी एवढी रक्कम स्वतःच्या पर्समधून खर्च केली. बाराशे बदली टँकरचे, चाळीस लाल रंगाच्या डबीचे.

आमचं तपासणी कार्यालय पाणीपुरवठा खात्याच्या हाताखाली नाही. खात्याचा पैसा कुठे जातो ते पाहायचं आणि थेट वर कळवायचं, हे आमचं काम. कागदावरची वस्तू हात लावून पाहिल्याशिवाय बाई सही करत नाहीत, म्हणून 'मोजणीबाई' हे नाव पडलं. मी त्यांचा वरिष्ठ. माझेही कागद त्यांनी दोनदा परत पाठवलेत.

खातं कंत्राटदाराला दर टँकरमागे दहा हजार लिटरचे पैसे देई. खात्याचे अभियंता दरवर्षी टँकरला बाहेरून टेप लावून दाखला देत. बाई म्हणाल्या, "बाहेरून मोजून काय उपयोग? पाणी आत असतं."

अग्निशमन दलाचा सरावाचा हौद दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद. दहा हजार लिटर ओतले तर पाणी वीस सेंटिमीटर चढायला हवं. बाईंनी पाण्याच्या पातळीवर एक आणि वीस सेंटिमीटर वर दुसरी लाल रेघ ओढली. आता एक टँकर आगाऊ न कळवता वाटेतून वळवायचा होता. कुठली तरी गल्ली दिवसभर कोरडी राहणार, म्हणून त्यांनी स्वतःच्याच गल्लीचा टँकर निवडला. बदली टँकर दुसऱ्या टँकरवाल्याकडून मागवला, पण तो संध्याकाळी पोचणार होता.

टँकर हौदात रिकामा होत असताना बाईंच्या सासूबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"आपल्याच गल्लीची गाडी सापडली का गं तुला?"

"दुसरीकडची वळवली असती तर तिथल्या सासूबाई बोलल्या असत्या."

"बोलू द्यायचं की त्यांना."

पाणी वरच्या रेघेखाली तीन बोटं थांबलं. पट्टी लावली तर पाच सेंटिमीटर, म्हणजे अडीच हजार लिटर कमी.

"हौद गळत असेल," मोजणी पाहायला आलेले अभियंता म्हणाले.

"मग बसू या." बाई तासभर कठड्यावर बसून राहिल्या. पाणी जागचं हललं नाही. टँकरचं झाकण उघडलं, तर तळाच्या वर दुसरा पत्रा जोडलेला.

कंत्राटदार धावत आला. "ताई, तुमच्या गल्लीला आमचीच गाडी येते. अहवाल गेला की गाड्या बंद. घरी काय सांगाल?"

"घरून काय ऐकून घेतलंय ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून भीती घालताय. उरलेल्या गाड्या इथेच आणा."

मी हळूच विचारलं, "दुसरा कंत्राटदार मिळेपर्यंत अहवाल थांबवायचा का?"

"तोवर दर टँकरमागे अडीच हजार लिटर हवेचे पैसे द्यायचे?"

अहवाल त्याच दिवशी गेला. गाड्या खरोखर बंद झाल्या. तीन दिवस बाई कामावर येण्याआधी दोन गल्ल्या पलीकडून कॅन भरून आणत होत्या. चौथ्या दिवशी नव्या कंत्राटदाराची गाडी आली, तेव्हा सासूबाईंनी दारातून विचारलं, "हौदावर मोजून आणलीय ना?"

आता प्रत्येक टँकर आधी हौदावर जातो. बदली टँकरचे बाराशे मी मंजूर केले. रंगाच्या डबीची पावती नव्हती. बाईंचे चाळीस रुपये अजून येणे आहेत.