जयू हसायचा, मला किळस यायची

जयू गेल्याची बातमी मला बोरिवलीहून कळली. मी तेव्हा, तो होता त्याच मुलुंडच्या हॉस्पिटलात, आयसीयूच्या दारापासून वीस पावलांवर, बाकावर बसलो होतो. फोन त्याच्या थोरल्या भावाचा होता. "जयवंत गेला. हॉस्पिटलातून आत्ताच कळवलं. तुम्ही जवळच असाल ना, घरून त्याचा एखादा बरा शर्ट आणून ठेवा." मी "हो" म्हणालो आणि निघालोसुद्धा... रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, की मी त्याला पाहिलंच नाही. मला आधी कळवलं नाही यात दोष हॉस्पिटलचा नव्हता. भरती करताना खिडकीवरच्या बाईंनी विचारलं होतं, "पेशंटचे कोण?" अठरा वर्षं त्याच्याबरोबर संसार केलेला मी म्हणालो, "मित्र." मग त्यांनी घरच्या माणसाचा नंबर मागितला आणि मी मुकाट्यानं भावाचा दिला. दोन महिने झाले, त्या शब्दाची कडवट चव तोंडातून जात नाही.

जयू मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते. तो घाटकोपरला एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. आमचं जगणं त्याला सतत विनोदी वाटायचं. समोरच्या काकू आम्हा दोघांसाठी मुलींचे फोटो आणायच्या, तेव्हा मी चहाच्या निमित्तानं आत पळायचो. हा मात्र एकेक फोटो उजेडात धरून बघायचा. "काकू, मुलगी छान आहे, पण फ्रेम चेहऱ्याला मोठी पडतेय." पुढच्या खेपेला काकू बिनचष्म्याच्या मुली घेऊन आल्या. तो आठवडाभर हसत होता. मला काकूंची चीड यायची, कारण त्यांना सगळं ठाऊक होतं अशी माझी खात्री होती. "असेल रे ठाऊक," जयू म्हणायचा. "पण स्पष्ट दिसायला लागलं तर आपल्याकडचा चहा बंद करावा लागेल ना त्यांना. म्हणून त्या डोळे तपासत नाहीत."

एकदा लिफ्टमध्ये कुणीतरी आमचा फ्लॅट नंबर घालून त्याखाली एक घाणेरडी शिवी लिहिली. जयूनं खिशातलं पेन काढलं आणि त्या शब्दातली चुकलेली वेलांटी दुरुस्त केली. "निदान शुद्ध तरी लिहा," तो भिंतीलाच म्हणाला. मी थिनर आणून ते सगळं घासून काढलं, दोन दिवस हातांना वास होता. "तुला किळस कशी येत नाही?" मी त्याच्यावर ओरडलोच. तो हसायचा थांबला. "येते ना. तुझ्याहून जास्त येते. पण रोज ओकत बसलो तर जेवणार कधी?"

तेराव्यानंतर बोरिवलीला हॉलमध्ये शोकसभा झाली. भाऊ म्हणाले, जयवंत संसाराच्या फंदात पडला नाही, जन्मभर एकटा राहिला. माझी ओळख "त्याच्याकडे राहणारे गृहस्थ" अशी करून दिली. पुढच्या रांगेत आमच्या काकू मान डोलावत डोळे पुसत होत्या. सगळ्यांची शिसारी आली, आणि मान खाली घालून बसलेल्या माझीही. मी उठलो. भाषण वगैरे मला येत नाही, म्हणून आम्ही गादी घ्यायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट सांगितली. दुकानदार म्हणाला होता, "वहिनींना घेऊन या, पसंती त्यांचीच असते." जयू गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "वहिनींची पाठ दुखते, कडक द्या." आणि मग माझ्याकडे वळून, "झोपून बघ रे जरा." मी कानापर्यंत लाल होऊन भर दुकानात आडवा झालो... एवढं सांगितलं आणि खाली बसलो.

कुणी हसलं नाही. "फार विनोदी होता आमचा जयवंत," असं म्हणून भावानं चहा फिरवायला सांगितला. मी चपला घालत होतो तेव्हा जयूच्या वहिनी दाराशी आल्या. इतक्या वर्षांत 'या, बसा' यापलीकडे त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मागे एकदा बघून त्यांनी हळूच विचारलं, "पाठ आता कशी आहे तुमची?"

"दुखते," मी म्हणालो.

चार दिवसांनी भावाचा फोन आला. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवू नये, कुणाला तरी देऊन टाका, म्हणाले.

"त्यावर मी झोपतो," मी म्हणालो. "आम्ही दोघं झोपायचो."

त्यांनी फोन ठेवला. ज्याला हे ऐकून सगळ्यात जास्त हसू आलं असतं तो नव्हता, आणि मला हे बोलायला तो जावा लागला, याची घृणा वाटली ती वेगळीच.

भिंतीकडची बाजू त्याची. तिथे गादी बसली आहे, लांबट खळगा पडलाय. पलटून घातली की सारखी होईल, असं घरकाम करणाऱ्या ताई म्हणतात. मी त्यांना म्हटलं, राहू दे.